केसभर थरथर : पोलाद-लाकडी मजले आणि त्यांवरची माणसे

मुंबईत काळा घोड्याला एस्प्लनेड मॅन्शन नावाची जुनी, थकलेली इमारत उभी आहे. एके काळचे हे वॉटसन्स हॉटेल. 1860च्या दशकात तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार झाला, सुटे भाग जहाजातून मुंबईला आले आणि इथे जोडले गेले. 1896च्या जुलैमध्ये ल्युमिएर बंधूंच्या चित्रफितींचा भारतातला पहिला खेळ इथे झाला, त्यामुळे चित्रपटाच्या इतिहासात तिचे नाव हमखास येते. सांगाडा आखणाऱ्या अभियंत्याचे नाव मात्र फारसे कुणी घेत नाही. तो रोलंड मेसन ऑर्डिश. याच ऑर्डिशने लंडनमध्ये थेम्स नदीवर अल्बर्ट पूल उभारला. 1873 मध्ये तो खुला झाला आणि पावलांनी इतका थरथरू लागला की लंडनकरांनी त्याला ‘थरथरती बाई’ म्हणायला सुरुवात केली. पुलाच्या टोकांना आजही पाटी आहे : सैन्याच्या तुकड्यांनी पुलावरून जाताना पावलांचा ठेका मोडावा. जवळच चेल्सीची छावणी होती, तिथल्या शिपायांसाठी ही सूचना.

तो पूल पडला नाही. दीडशे वर्षे तो उभा आहे. पण त्याच्यावरून चालणाऱ्याला तो हलताना जाणवत राहिला. आजच्या व्याख्यानाचा सगळा विषय या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे. बांधकाम भार पेलते का, हा एक प्रश्न. त्यावर वावरणाऱ्या माणसाला ते स्थिर वाटते का, हा अगदी वेगळा प्रश्न. पहिल्याचे उत्तर ‘हो’ असले म्हणून दुसऱ्याचे ‘हो’ असेलच असे नाही.

पाटीमागे एक जुनी आठवण होती. 12 एप्रिल 1831 रोजी मँचेस्टरजवळ ब्रॉटन इथे इरवेल नदीवरच्या झुलत्या पुलावरून 74 सैनिक चालले होते. पूल आपल्या पावलांबरोबर लवतोय हे त्यांच्या लक्षात आले. त्यांना त्याची गंमत वाटली, कुणी शीळ घालू लागला आणि पावले अधिकच ठेक्यात पडू लागली. साखळीला धरणारा एक बोल्ट तुटला, पुलाचे एक टोक खाली गेले आणि चाळीसेक जण पाण्यात पडले. कुणी दगावले नाही. बोल्ट आधीपासूनच सदोष होता. ठेक्याने त्याचा दोष उघडा पाडला. तेव्हापासून ब्रिटिश सैन्यात पुलावर ठेका मोडण्याचा हुकूम रूढ झाला.

घराच्या किंवा कार्यालयाच्या मजल्यावर कुणी संचलन करत नाही. तिथे प्रश्न एकट्या माणसाचा असतो. एक जण पाण्याचा पेला घेऊन आपल्या टेबलाकडे चालला आहे आणि सहा मीटरवर बसलेल्या दुसऱ्याचे लक्ष कामावरून उडते. माणूस साधारण सेकंदाला दोन पावले टाकतो. कुणी रमतगमत दीड, कुणी घाईत अडीच. म्हणजे पावलांचा ठेका 1.5 ते 2.5 हर्ट्झच्या दरम्यान राहतो. पण पाऊल म्हणजे निव्वळ एक साधा दाब नव्हे. टाच टेकते, भार पुढे सरकतो, चवडा उचलतो. त्यामुळे मूळ ठेक्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचेही छोटे धक्के मजल्याला बसतात. दोन हर्ट्झने चालणारा माणूस मजल्याला चार, सहा आणि आठ हर्ट्झनेही ढकलत असतो. चढत्या पटीबरोबर धक्का कमी होत जातो, पण नाहीसा होत नाही.

मजल्यालाही स्वतःचा ठेका असतो. तो ओळखण्याची एक सोपी युक्ती प्रत्येक अभियंत्याला पाठ असते : साध्या आधाराची तुळई स्वतःच्या आणि वरच्या वजनाखाली जेवढे मिलिमीटर वाकते त्याचे वर्गमूळ काढावे आणि 18ला त्याने भागावे. चार मिलिमीटर वाकली तर 9 हर्ट्झ, नऊ वाकली तर 6, सोळा वाकली तर 4.5. आता 9 मीटरचा गाळा घ्या. गाळ्याचा 360वा भाग म्हणजे 25 मिलिमीटर वाक ही अनेक ठिकाणची रूढ मर्यादा. प्रत्यक्ष वजनाखाली तुळई तेवढी वाकत असेल तर तिची वारंवारता 3.6 हर्ट्झ येते, आणि ती 1.8 हर्ट्झने चालणाऱ्याच्या नेमकी दुप्पट आहे. वाकण्याच्या नियमात चोख बसलेला मजला चालणाऱ्याच्या पावलाशी सूर जुळवून बसतो. यालाच अनुनाद म्हणतात. झोपाळ्याला दर फेरीला थोडेसेच ढकलले तरी तो चढत जातो, तसे प्रत्येक पाऊल आधीच्या हेलकाव्यात भर घालते.

हेलकावा कुठवर चढेल हे ठरवते ते डॅम्पिंग, म्हणजे कंपन विझवून टाकण्याची मजल्याची क्षमता. सगळे जोडकाम वेल्ड केलेल्या उघड्या पोलादात ते अर्धा टक्का एवढेच असते. फर्निचर, छत, विजेच्या नळ्या असलेल्या कार्यालयात साधारण 3 टक्के धरतात. वरच्या भिंती नीट आड येत असतील तर आणखी जास्त. हे आकडे लहान दिसतात, पण परिणाम मोठा असतो. 3 टक्क्यांवर अनुनादात कंपन स्थिर भाराच्या साधारण 17 पट होते. 1 टक्क्यावर तेच 50 पट.

आता ज्याच्यासाठी हे सगळे गणित करायचे त्या माणसाकडे वळायला हवे.

मजला हलला म्हणून कुरकुर करणारा पहिला अभियंता बहुधा टॉमस ट्रेडगोल्ड. सुतारकामातून शिकत वर आलेला हा इंग्रज 1820च्या दशकातच बजावत होता की, लांब गाळ्याच्या तुळया खोल ठेवा, नाहीतर माणूस नुसता फिरला तरी खोलीतल्या वस्तू हलतील. पुढची शंभर वर्षे हे शहाणपण अनुभवावरच चालले. 1931 मध्ये जर्मनीत रायहर आणि माइस्टर या दोघांनी माणसांना हलत्या फलाटावर उभे केले, आडवे झोपवले आणि विचारले : काय वाटते? अजिबात कळत नाही, जेमतेम कळते, स्पष्ट कळते, त्रास होतो, असह्य होते. अशा उत्तरांचे त्यांनी आलेख काढले. ते फलाट सतत हलत होते. घरातले कंपन तसे नसते. पाऊल पडते, मजला थरथरतो, विरतो. म्हणून 1966 मध्ये अमेरिकेत लेन्झेन याने पोलादी मजल्यांची तपासणी करून ती मोजपट्टी दहापटीने सैल केली आणि डॅम्पिंगचे महत्त्व पुढे आणले. कंपन किती मोठे आहे याइतकेच ते किती लवकर विरते हेही माणसाला जाणवते, ही त्याची मोठी देणगी.

माणसाचे शरीर हे स्वतःच एक यंत्र आहे, आणि ते सगळ्या वारंवारतांना सारखे ऐकत नाही. उभ्या दिशेच्या 4 ते 8 हर्ट्झच्या कंपनाला ते सर्वाधिक संवेदनशील असते, कारण पोटातले अवयव साधारण त्याच पट्ट्यात हेलकावतात. आडव्या दिशेत तो पट्टा 1 ते 2 हर्ट्झचा आहे. बहुतेक लांब गाळ्याचे मजले नेमके 4 ते 8 हर्ट्झच्या पट्ट्यात येतात. पाऊल, मजला आणि पोट या तिघांचे ठेके एकाच ठिकाणी येऊन भेटतात, आणि कंपनाच्या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

किती कंपन चालते? ब्रिटिश पद्धतीत 4 ते 8 हर्ट्झच्या पट्ट्यात सेकंदवर्गाला 0.005 मीटर, हे वर्गमध्यमूळ त्वरण ‘एक’ मानतात. साधारण माणसाला जाणवण्याची ती सुरुवात. शस्त्रक्रियागृहात याच्या वर जाऊ नये. कार्यालयात आठपटीपर्यंत चालते. अमेरिकेतली पोलाद-बांधकाम संस्था कार्यालयासाठी कमाल त्वरणाची मर्यादा गुरुत्व त्वरणाच्या अर्धा टक्का सांगते. दोन्ही आकडे एकमेकांत बदलून पाहिले की ते जवळजवळ सारखेच निघतात.  बाजारपेठेच्या इमारतीत मात्र दीड टक्का चालतो आणि उघड्यावरच्या पादचारी पुलावर पाच. चालणाऱ्याला कंपन कमी कळते, बसलेल्याला जास्त, झोपलेल्याला सर्वांत जास्त. स्वतःच्या पावलाचे कंपन तर कुणालाच खुपत नाही.

कार्यालयातली ही मर्यादा गाठणारा 5 हर्ट्झचा मजला प्रत्यक्षात किती हलतो? हिशेब केला तर उत्तर येते 0.06 मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे डोक्याच्या एका केसाची जाडी. टेबलाशी बसलेला माणूस केसभर थरथरीने अस्वस्थ होतो. त्याला हळवा म्हणून कुणी उडवून लावू नये. तो अत्यंत अचूक यंत्र आहे आणि त्याने दिलेला अहवाल खरा असतो.

इथवरचे बहुतेक हिशेब पोलादी तुळया आणि काँक्रीटच्या जड मजल्यांच्या जगातून आलेले. आता लाकूड आत येते.

कॉलम आणि तुळया पोलादाच्या, आणि त्यांवर काँक्रीटच्या स्लॅबऐवजी लाकडाचे जाड फलक, ही रचना गेल्या दशकभरात बरीच पुढे आली आहे. फलक बहुधा क्रॉस लॅमिनेटेड टिंबरचे, म्हणजे सीएलटीचे असतात. फळ्यांचे थर एकमेकांना काटकोनात ठेवून चिकटवलेला हा फलक 1990च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत रूपाला आला. ग्राझच्या तंत्रविद्यापीठातले गेरहार्ड शिकहोफर यांचे त्यावरचे काम इतके पायाभूत मानले जाते की, 2019 चे मार्कुस वॉलेनबर्ग पारितोषिक त्यांना मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनचे सहा मजली विद्यार्थी-निवास पोलादी सांगाड्यावर सीएलटी टाकून पूर्ण झाले. 2020 मध्ये लंडनच्या हॅक्नी भागात 6, ऑर्स्मन रोड ही कार्यालयांची इमारत झाली. तिचा पोलादी सांगाडा बोल्टने जोडलेला आहे आणि वरचे लाकूड पुढे कधी सुटे करून पुन्हा वापरता यावे अशी मांडणी केली आहे. ऑर्डिशचे सुटे लोखंड जहाजाने मुंबईला आले होते, त्याची इथे आठवण येते.

ही रचना का हवी, याचे कारण खरे आणि गंभीर आहे. सिमेंट बनवताना प्रचंड कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. कोरड्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. एक किलो लाकडात 1.8 किलो कार्बन डायऑक्साइड अडकून राहिलेला असतो. शिवाय लाकूड हलके. काँक्रीट घनमीटरला 2400 किलो भरते, सीएलटी पाचशेच्याही खाली. पाया लहान होतो, क्रेन लहान लागते, काम लवकर उरकते.

आणि याच हलकेपणामुळे मजला बोलका होतो.

साधा हिशेब मांडू. मजल्याचा 9 बाय 9 मीटरचा भाग, ठेका 5 हर्ट्झ, डॅम्पिंग 3 टक्के. काँक्रीटचा मजला सगळे धरून चौरस मीटरला 400 किलो आहे असे समजा. त्याच अमेरिकी संस्थेच्या सूत्राने चालणाऱ्या माणसाचे कंपन गुरुत्व त्वरणाच्या 0.53 टक्के येते, म्हणजे मर्यादेच्या काठावर. आता ठेका तसाच ठेवून वजन निम्मे करा. कंपन 1.06 टक्के होते. चालणारा तोच, पाऊल तेच. हलवायला वस्तुमान निम्मे उरले म्हणून थरथर दुप्पट. यात एक बारकावा आहे. वजन घटल्यावर ताठपणा खरोखर तसाच राहिला असता तर ठेका वर चढला असता आणि थोडा बचाव झाला असता. पण भार कमी झाला म्हणून अभियंता तुळईही लहान करतो, पोलाद वाचवतो, आणि ठेका पुन्हा खाली आणून ठेवतो. बळकटीच्या गणितात झालेली बचत माणसाच्या स्वास्थ्यातून वजा होते. प्रस्तुत वक्त्याच्या मते पोलाद-लाकडी मजल्याबद्दल समजून घेण्यासारखी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे : अशा इमारतीत गाळ्याची लांबी बळकटी ठरवत नाही, कंपन ठरवते. म्हणून कंपनाचा प्रश्न शेवटच्या तपासणीत विचारून भागत नाही. कॉलम कुठे उभे करायचे हे ठरवतानाच तो विचारावा लागतो.

उंच लाकडी इमारतींत वाऱ्याच्या बाबतीतही हाच धडा मिळाला. नॉर्वेतल्या ब्रुमुंडाल इथे 2019 मध्ये पूर्ण झालेला म्योस्टॉर्नेट 85 मीटर उंच आणि 18 मजल्यांचा. त्याचा सांगाडा लाकडी, पण वरच्या सात मजल्यांना मुद्दाम काँक्रीटच्या लाद्या घातल्या. भार पेलायला त्या नको होत्या. वाऱ्यात इमारत हळू हलावी, वर राहणाऱ्यांना मळमळू नये, म्हणून वर वजन हवे होते. बर्गेनच्या 14 मजली ‘ट्रेएट’मध्येही अशाच काँक्रीटच्या पातळ्या आहेत.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांचा विचार इथे आपोआप येतो. कडीपाटाच्या वर मातीचा थर दाबून घालायची पद्धत होती. दाबलेली माती घनमीटरला दीड टनाहून जास्त भरते. दहा सेंटीमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोंहून अधिक. हा थर उन्हाला अडवी, आवाज अडवी आणि माडीवर कुणी चालले तरी खालच्या माणसाला ते फारसे कळू देत नसे. एका खणाचा गाळा आखूड, त्यामुळे कडी ताठ. वजन आणि आखूड गाळा, दोन्ही उपाय एकत्र. आज ऑस्ट्रियात आणि जर्मनीत सीएलटीच्या फलकावर खडीचा सुटा थर पसरून त्यावर कोबा करतात. नाव वेगळे, मोजमाप वेगळे. काम मातीच्या थराचेच.

तिथल्याच एका अभ्यासाचा उल्लेख करायला हवा. पॅट्रिशिया हाम आणि आंत्ये रिश्टर यांनी म्युनिकला, राहत्या घरांतले लाकडी मजले मोजले आणि त्यांवर राहणाऱ्यांचे मतही नोंदवले. त्यातून निघालेल्या सूचना व्यवहारी आहेत. दोन कुटुंबांमधल्या मजल्याला 8 हर्ट्झ ठेका हवा आणि दोन किलोन्यूटन भार एका जागी ठेवला तर मजला अर्ध्या मिलिमीटरहून जास्त दबू नये; एकाच घरातल्या मजल्याला 6 हर्ट्झ आणि एक मिलिमीटर पुरे. शेजाऱ्याचे पाऊल आणि घरातल्या लेकराचे पाऊल यांना माणूस वेगळ्या तराजूत तोलतो, हे त्यांनी आकड्यांत आणले. त्याआधी 1982 मध्ये स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठात स्वेन ओल्सन यांनी मजल्याची कंपने आणि माणसाची अस्वस्थता या विषयावरच प्रबंध लिहिला होता. युरोपच्या लाकडी बांधकामाच्या संहितेत, युरोकोड 5 मध्ये, निवासी मजल्यासाठी आलेली 8 हर्ट्झची सीमा त्याच विचारातून आली.

पण हे 8 हर्ट्झ पोलादी तुळईवर जसेच्या तसे लावायला गेले की घात होतो. त्या नियमाने मनात धरलेला मजला भिंतींवर टेकलेला असतो, आणि भिंत वाकत नाही. पोलादी तुळई वाकते. समजा सीएलटीचा फलक एकटा 9 हर्ट्झचा आहे. अभियंता खूश होतो, नियम पाळला गेला. तो ज्या तुळयांवर टेकतो त्या 6 हर्ट्झच्या आहेत. दोघे मिळून किती? 1894 मध्ये स्टॅन्ले डंकर्ली यांनी यंत्राच्या फिरत्या दांड्यांसाठी दिलेला नियम इथे लागू पडतो : दोन्ही वारंवारतांच्या वर्गांचे व्यस्त घ्या, बेरीज करा, उलटवा आणि वर्गमूळ काढा. उत्तर येते 5 हर्ट्झ. दोन्ही भागांपेक्षा जोडी खाली उतरते. आणि 5 हर्ट्झ म्हणजे 1.67 हर्ट्झने निवांत चालणाऱ्याचा तिप्पट ठेका. फलकाचा तक्ता फलक बनवणाऱ्याकडून येतो, तुळईचा हिशेब पोलादवाल्याकडून. दोघांचेही आकडे बरोबर असतात आणि मजला तरी नाराज करतो. या जोडीचा हिशेब कुणाच्या टेबलावर व्हायचा, हे कराराच्या दिवशीच ठरवून घेतले पाहिजे.

फलक आणि तुळई एकमेकांना कसे धरतात, हा या रचनेतला सर्वांत वेधक भाग. स्क्रूने किंवा बोल्टने नीट बांधले तर लाकूड आणि पोलाद मिळून एकच खोल तुळई असल्यासारखे वाकतात आणि ताठपणा बराच वाढतो. पण लाकडात स्क्रू थोडा सरकतो. पूर्ण एकजीव आणि पूर्ण सुटे यांच्या मधली कुठलीशी अवस्था मिळते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात हमीद वालीपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोगांची मालिकाच केली. 2019 मध्ये त्यांचे काम थेट अशा मजल्यांच्या कंपनावर आले. इथे एक आशेची बाजूही आहे. पावलाने होणारी हालचाल केसाएवढी असते, आणि एवढ्या हालचालीला नुसते घर्षणसुद्धा दोन थरांना एकत्र धरून ठेवू शकते. काँक्रीटच्या मजल्यात तर मुद्दाम जोड दिलेले नसले तरी कंपनाच्या हिशेबात स्लॅब आणि तुळई एकजीव धरण्याची त्याच अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शिकेची शिफारस आहे. बळकटीच्या गणितात जे सुटे धरायचे ते स्वास्थ्याच्या गणितात एकत्र धरायचे. लाकडाच्या बाबतीत हा लाभ किती घ्यायचा हे मोजूनच ठरवावे, गृहीत धरू नये.

सीएलटीची आणखी एक खोड आहे. काँक्रीटचा स्लॅब दोन्ही दिशांना ताठ असतो, त्यामुळे एका जागचे पाऊल आजूबाजूच्या मोठ्या भागाला हलवावे लागते आणि तेवढे वस्तुमान कामी येते. सीएलटी मुख्य दिशेत ताठ, आडव्या दिशेत बराच मऊ, आणि फलक-फलकांमधले सांधे आणखी मऊ. धक्का एका अरुंद पट्ट्यात राहतो. म्हणजे वर मांडलेल्या हिशेबात 9 बाय 9 मीटरचे सगळे वजन मजल्याच्या बाजूने उभे राहते असे जे धरले, तेही नेहमी खरे नसते. फलकांचे सांधे नीट जोडणे, वर सलग कोबा करणे, यांचा उपयोग इथे दिसतो.

मग काय करायचे? काँक्रीटचा जाड कोबा ओतून सगळे शांत करता येते, पण मग ज्या सिमेंटपासून दूर जायचे म्हणून लाकूड आणले तेच मागच्या दाराने परत येते. पन्नास मिलिमीटर कोबा चौरस मीटरला एकशेवीस किलो वजन आणि त्याबरोबर सिमेंटचे ओझे आणतो. प्रस्तुत वक्त्याला वाटते, वजन परत घालायला हरकत नाही; फक्त प्रत्येक किलोचा हिशेब उघड मांडावा, आणि खडी, वाळू, विटांचा चुरा असे सिमेंटविरहित वजन आधी तपासावे. गाळा 9 मीटरऐवजी 7 मीटर केला तर बहुतेक प्रश्न वजनाशिवायच सुटतात. मार्गिका तुळयांच्या मध्यावरून न नेता कॉलमांच्या रांगेजवळून नेली तर चालणाऱ्याचे पाऊल मुळात कमी हलणाऱ्या जागी पडते. हा उपाय फुकट आहे आणि तो वास्तुविशारदाच्या हातात आहे, अभियंत्याच्या नव्हे. म्हणून दोघांनी पहिल्या आठवड्यातच एकत्र बसावे.

आणि जिथे बरेच जण एकाच ठेक्यावर उड्या मारतात तिथे चालण्याचा हिशेब पुरेसा नाही. 5 जुलै 2011 रोजी सोलमधली 39 मजली टेक्नोमार्ट इमारत जवळपास दहा मिनिटे हलली. लोक भूकंप समजून बाहेर पळाले, इमारत दोन दिवस बंद ठेवली. चौकशीअंती कारण निघाले : बाराव्या मजल्यावरच्या व्यायामशाळेत सतरा जण एका वेगवान गाण्यावर ताइ-बो हा व्यायाम करत होते आणि त्यांचा ठेका इमारतीच्या एका ठेक्याशी जुळला. इमारतीला इजा झाली नव्हती. पण त्या दिवशी जिन्याने धावत उतरलेल्या लोकांची भीती खरी होती. लेझीमचा, गरब्याचा किंवा ढोल-ताशाचा सराव इमारतीच्या वरच्या मजल्यावर भरवताना याची आठवण ठेवावी; जमिनीवर तोच सराव कुणालाही त्रास देत नाही.

भारतात लाकडी फलकांच्या इमारती अजून विरळ आहेत, पण पोलादी सांगाड्यांच्या खूप आहेत. आपल्या पोलाद-बांधकामाच्या मानकात, आयएस 800च्या 2007च्या आवृत्तीत, मजल्याच्या कंपनाविरुद्ध रचना कशी करावी याचे स्वतंत्र परिशिष्ट दिलेले आहे. महाविद्यालयांत मात्र तुळईचे गणित बळकटीवर सुरू होते आणि वाकण्यावर संपते. हे परिशिष्ट एका तासात शिकवता येते, आणि एखाद्या जुन्या वाड्याची माडी व एखाद्या नव्या कार्यालयाचा मजला, दोन्हींवर नेऊन विद्यार्थ्यांना उभे केले तर ते जन्मभर लक्षात राहते.

गणिताने किती सांगावे यालाही सीमा आहे. डॅम्पिंगचा आकडा कुठल्याही सूत्रातून येत नाही, तो अंदाजच असतो, आणि उत्तर त्यावर थेट अवलंबून असते. बसलेली माणसे स्वतःही कंपन शोषतात. भरलेले सभागृह रिकाम्यापेक्षा शांत असते. लंडनचा मिलेनियम पूल 10 जून 2000 रोजी उघडला आणि 12 जूनला बंद करावा लागला, कारण डाव्या-उजव्या बाजूला होणाऱ्या हालचालीत गर्दी नकळत पूल डोलेल तसे पाऊल टाकू लागली. असे होऊ शकते याची नोंद काही पुलांवर आधी झाली होती, पण रचनेच्या रूढ नियमांत ती आलेली नव्हती. 37 द्रवभरित शोषक आणि 52 डोलणारी वजने बसवून फेब्रुवारी 2002 मध्ये तो पुन्हा खुला झाला. त्या दुरुस्तीसाठी पुलावर माणसे चालवून मोजमाप घ्यावे लागले, कारण रूढ हिशेबांतून हे उमगत नव्हते.

म्हणून बांधून झालेला मजला मोजलाच पाहिजे, आणि सामान येण्यापूर्वी एकदा, आल्यानंतर एकदा, असा दोनदा. त्याला फार काही लागत नाही. गाळ्याच्या मध्यावर एक त्वरणमापक ठेवायचा. एका माणसाने चवड्यांवर उभे राहून टाचा एकदम खाली टेकवायच्या; मजला किती ठेक्यात थरथरतो आणि किती वेळात विरतो ते तेवढ्यावरून कळते. मग मेट्रोनोम लावून तोच माणूस मिनिटाला 96 पावलांनी, नंतर 108, नंतर 120 अशा वेगांनी मार्गिकेवरून ये-जा करतो. कुठल्यातरी एका वेगाला आकडा अचानक चढतो. त्या वेळी दुसरा एक जण खोलीच्या मध्यभागी खुर्चीत बसलेला असतो. त्याला यंत्राचा पडदा दाखवायचा नाही. समोरच्या कागदावर तो एवढेच लिहितो : कळले नाही, कळले, खुपले.